बिनसाखरेचा प्याला

हवानातल्या एल फ्लोरिदिता या मद्यगृहात काउंटरच्या टोकाला अर्नेस्ट हेमिंग्वेचा ब्राँझचा पूर्णाकृती पुतळा आहे. होसे विया सोबेरोन या क्यूबन शिल्पकाराने तो २००३ साली घडवला. काउंटरवर कोपर टेकून लेखक उभा आहे आणि त्याच्याशेजारी छायाचित्र काढून घेण्यासाठी जगभरातून प्रवासी येतात. त्यांच्या हातात असतो रम, लिंबू, साखर आणि बर्फाचा भुगा यांचा पांढुरका प्याला, म्हणजे गोठवलेली दायकिरी. वाङ्मयाचा इतिहास कधी कधी असा पेल्यातूनही पुढे सरकतो.

पुतळा गिऱ्हाइकाचा आहे. ज्याच्या हातून या पेयाला आजचे रूप आले तो कोन्स्तान्तिनो रिबालाइगुआ वेर्त हा कातालोनियात जन्मलेला बारटेंडर. १९१४ साली तो या मद्यगृहात कामाला लागला, १९१८ साली त्याचा मालक झाला आणि १९५२ साली वारला. त्याच वर्षी हेमिंग्वेची 'द ओल्ड मॅन अँड द सी' प्रसिद्ध झाली. दायकिरी मूळची पूर्व क्यूबातली, सान्तियागो शहराजवळच्या त्याच नावाच्या गावची. १८९८च्या सुमारास तिथल्या खाणीवरच्या जेनिंग्ज कॉक्स नावाच्या अमेरिकन अभियंत्याने ती प्रथम केली, असे सांगितले जाते. तेव्हा ती साधी, बर्फावर हलवून गाळलेली होती. १९३०च्या दशकात विजेचा मिक्सर हाताशी आल्यावर रिबालाइगुआने तिच्यात बर्फ नुसता घातला नाही, तर बारीक दळून पेयाचाच भाग करून टाकला. एका अर्थाने त्याने त्या पेयाची संहिता बदलली. मात्र साहित्याचे वाचक म्हणून आपल्या लक्षात राहते ते पेय कुणी केले हे नव्हे, तर कुणी प्यायले हे.

मला या पेयाबद्दल लिहावेसे वाटले त्याचे निमित्त मात्र पुतळा नव्हे, एक कादंबरी आहे.

मराठी विद्यार्थी हेमिंग्वेकडे येतो तो बहुधा पु. ल. देशपांडे यांच्या 'एका कोळियाने' या अनुवादाच्या वाटेने. त्या कहाणीत दायकिरीला जागा नाही. म्हातारा सान्तियागो पहाटे कॉफी पितो, तीही घट्ट दुधाच्या रिकाम्या डब्यातून. बिअर मिळते तीही गावातल्या दुकानदाराच्या मेहेरबानीने. दायकिरीचा हेमिंग्वे भेटतो तो 'आयलंड्स इन द स्ट्रीम' या कादंबरीत. लेखकाने १९६१ साली आत्महत्या केली. ही कादंबरी त्यानंतर नऊ वर्षांनी, १९७० साली प्रसिद्ध झाली. तिचे तीन भाग आहेत. त्यांपैकी मधल्या, क्यूबाच्या भागात टॉमस हडसन नावाचा चित्रकार समुद्रावरून परततो आणि फ्लोरिदितात जाऊन बसतो. युद्धाचे दिवस आहेत. वेषांतर केलेल्या होडीतून जर्मन पाणबुड्या शोधण्याचे काम त्याने पत्करले आहे. त्याचे दोन धाकटे मुलगे आधीच्या भागाच्या शेवटी मोटार अपघातात गेले आहेत, आणि आता वैमानिक असलेला थोरला मुलगाही युद्धात मारला गेला आहे. हे सांगायला तो तिथे आलेला नाही. तो येतो, बसतो आणि दायकिरी मागवतो. दुहेरी आणि बिनसाखरेची. मग आणखी एक, मग आणखी. एका ओळखीच्या इसमाने मुलाची खुशाली विचारली तर तो गेल्याचे दोन शब्दांत सांगतो आणि विषय मिटवतो. लिल नावाची जुनी ओळखीची वेश्या शेजारी येऊन बसते आणि आनंदाच्या गोष्टी सांग म्हणून त्याच्या मागे लागते. तो सांगतोही. पाने उलटत जातात, प्याले वाढत जातात.

हा भाग एम.ए.च्या वर्गात वाचत असताना एका विद्यार्थिनीने विचारले, "रम, लिंबाचा रस, बर्फ, आणि साखर नाही. हे लागत कसे असेल?" प्रश्न भाबडा वाटला तरी तसा नव्हता. हेमिंग्वेच्या वडिलांना मधुमेह होता आणि त्यालाही त्या रोगाची धास्ती होती, हे चरित्रातले उत्तर देता आले असते. परंतु तिने लेखकाबद्दल विचारलेच नव्हते. तिने चवीबद्दल विचारले होते. साहित्याच्या वर्गात चवीचा प्रश्न फार क्वचित कुणी अक्षरशः विचारते. मे महिना होता, परीक्षा संपल्या होत्या, आणि या प्रश्नाचे उत्तर ग्रंथालयात मिळण्यासारखे नव्हते. मी पेय करून पाहायचे ठरवले.

मराठी मध्यमवर्गीय स्वयंपाकघरात रमची बाटली उघडणे ही आजही निव्वळ पाककृतीची बाब नसते. कायद्याने पाहावे तर १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात मद्य जवळ बाळगायला आणि प्यायला अजून परवाना लागतो, आणि तो प्रकृतिस्वास्थ्याच्या कारणासाठी दिला जातो. म्हणजे सरकारच्या दप्तरी आपण सारे औषध पीत असतो. साहित्याने पाहावे तर १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या 'एकच प्याला'ने आपल्या मनावर जी मोहोर उमटवली ती शंभर वर्षांनंतरही पुसट झालेली नाही. वकिलीची सनद काही काळासाठी काढून घेतली गेल्यावर सुधाकराला तळीराम पहिला प्याला देतो तो अपमान विसरण्यासाठी. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. गडकऱ्यांच्या नाटकात मद्य बोलके आहे. पिणारा बरळतो, रडतो, शपथा घेतो, मोडतो. त्याच्या अधःपाताची प्रत्येक पायरी मोठ्या आवाजात उतरली जाते. हडसनचे पिणे नेमके याच्या उलट टोकाला आहे. तो जितका पितो तितका नेटका बोलतो. आपल्या वाचनसंस्कारात या दुसऱ्या प्रकाराला नाव नाही, म्हणून वर्गात हा भाग वाचताना विद्यार्थ्यांना हडसन मौजमजा करणारा वाटतो. त्यांना बरळणारा मद्यपी ओळखू येतो, नेटका येत नाही.

आता पेयाकडे वळू. क्यूबात 'लिमोन' म्हणतात ते पिवळे जाड सालीचे फळ नव्हे, हिरवे, लहान, पातळ सालीचे लिंबू. वनस्पतिशास्त्रात ज्याला सिट्रस ऑरंटिफोलिया म्हणतात ते हे झाड म्हणजेच आपले कागदी लिंबू. महाळुंगाचा आणि आग्नेय आशियातल्या एका रानटी लिंबूवर्गीय झाडाचा हा संकर. ते अरबांच्या हातून भूमध्य समुद्रापर्यंत गेले आणि स्पॅनिश लोकांबरोबर कॅरिबियन बेटांवर उतरले. ऊसही पूर्वेकडचाच, कोलंबसाने १४९३च्या दुसऱ्या सफरीत तो तिकडे नेला, आणि 'शर्करा' या शब्दाने वाटेत अरबी रूप घेऊन स्पॅनिशमध्ये 'आसूकार' हे नाव धारण केले. बर्फाची कथा उलट दिशेची. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने तळ्यांवरचा बर्फ कापून, लाकडाच्या भुशात बांधून, एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतच हवानाला विकायला सुरुवात केली होती. १८३३ साली त्याचे गलबत कलकत्त्याला पोचले आणि पुढच्या वर्षी बोस्टनचा बर्फ मुंबईतही उतरला. तेव्हा ज्या पेयाला आपण क्यूबाचे म्हणतो त्यातले आंबट आणि गोड आपल्या बाजूने गेलेले आहे, आणि गार उत्तरेकडून आलेले आहे. बेटाचे स्वतःचे म्हणावे असे त्यात एकच, रम. आणि तीही त्या परक्या उसाच्या मळीची. सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाला मळीचा वास वेगळा सांगावा लागत नाही.

एका मोठ्या पेल्याचे माप मी असे ठरवले: पांढरी रम ६० मिलिलिटर, लिंबाचा रस ३० मिलिलिटर, साखरेचा पाक ३० मिलिलिटर, आणि ठेचलेला बर्फ साधारण २०० ग्रॅम. पाक म्हणजे साखर आणि पाणी समभाग घेऊन, साखर विरघळेपर्यंत गरम करून गार केलेला. कोरडी साखर गार रसात नीट विरघळत नाही, तळाशी कचकचत राहते. मध्यम आकाराची दोन रसदार कागदी लिंबे या मापाला पुरतात. ओट्यावर तळव्याखाली दाबून फिरवली की ती मऊ होतात आणि रस मोकळा सुटतो. फार जोर लावून शेवटचा थेंब काढायचा मोह टाळावा, कारण सालीखालच्या पांढऱ्या भागाचा आणि बियांचा कडवटपणा रसात उतरतो. रस आयत्या वेळी काढावा. तासन्‌तास ठेवलेला लिंबाचा रस कडवटतो, हे सरबत करणाऱ्या कुणालाही ठाऊक असते. बर्फाचे अख्खे खडे मिक्सरच्या भांड्यात टाकले तर पाते बोथट होते आणि भुगाही एकसारखा होत नाही. म्हणून बर्फ जाड पंचात गुंडाळून बत्त्याने आधी ठेचून घ्यावा. रम आणि पेला दोन्ही फ्रीजरमध्ये ठेवावेत. घरच्या फ्रीजरचे तापमान उणे १८ अंशांच्या आसपास असते आणि ४० टक्के मद्यार्काची रम सुमारे उणे २७ अंशांपर्यंत गोठत नाही, त्यामुळे बाटली बिनधास्त ठेवता येते.

मिक्सर अर्धे मिनिट फिरवला की भांड्यात जे तयार होते ते पाणीही नसते आणि बर्फही नसते. सायीसारखे दाट, पेल्यात ओतताना किंचित ढीग होणारे. इथे दोन गोष्टी कळतात, आणि दोन्ही पुढे वाचनाला उपयोगी पडतात.

पहिली अशी की गारवा फुकट मिळत नाही. एक ग्रॅम बर्फाचे पाणी व्हायला सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते. तेवढ्या उष्णतेत तेच पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापले असते. ही उष्णता बर्फ रमकडून आणि रसाकडून घेतो, म्हणून पेय गार होते; पण ती घेताना तो स्वतः वितळतो, म्हणून पेय पातळ होते. प्रत्येक अंशाची किंमत पाण्यात मोजावी लागते.

दुसरी अशी की गारवा चव झाकतो. जिभेची गोडाची जाण थंडीने मंदावते. वितळलेले आइस्क्रीम चमच्याने चाखून पाहिले तर ते असह्य गोड लागते, आणि गोठलेले असताना तेच बेताचे लागते. आंबट त्या मानाने टिकून राहते. मद्यार्काचा दर्प आपल्याला कळतो तो त्याच्या वाफेमुळे, आणि गारव्यात वाफ कमी. म्हणून बर्फावर हलवून गाळलेल्या दायकिरीला जेवढी साखर लागते त्याहून जास्त या गोठवलेल्या पेयाला लागते, आणि एवढी घालूनही ते फार गोड लागत नाही. रम तर जवळजवळ नाहीशी होते. वितळलेले पाणी धरून हिशेब केला तर माझ्या पेल्यात साधारण ८ टक्के मद्यार्क होता, म्हणजे कडक बिअरइतका. जिभेला मात्र ते उन्हाळ्यातले उत्तम सरबत वाटत होते. कादंबरीतल्या हडसनलाही या प्याल्यात मद्याची चव लागत नाही, आणि तो घोट घेताना त्याला बर्फाळ उतारावरून घसरत जाण्याचा भास होतो. ही उपमा मी वर्गात शैलीचा नमुना म्हणून दाखवत आले आहे. पेला हातात घेतल्यावर कळले की ते आधी नेमके निरीक्षण आहे.

त्यानंतर बिनसाखरेचा केला. माप तेच, फक्त पाक वगळला. विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे शब्दशः उत्तर असे: पहिला घोट दात आंबवतो, दुसरा घसा कोरडा करतो, तिसऱ्याला जीभ बधिर झालेली असते आणि मग काहीच वाटेनासे होते. आणखी एक फरक पडतो. विरघळलेली साखर द्रवाला दाटपणा देते आणि बर्फाचे कण सायीसारखे धरून ठेवते. ती नसली की थर लवकर वेगळे होतात. वर पांढरा भुगा तरंगतो, खाली स्वच्छ पाणी साचते. कादंबरीत हडसन आपल्या प्याल्याकडे टक लावून पाहतो तेव्हा त्याला नेमके हेच दोन थर दिसतात आणि त्यावरून गलबताच्या मागे उठणारा फेस आणि नाळेने कापलेले उथळ पाणी आठवते. हा माणूस पेल्यातही समुद्रच बघतो, असे या जागेवर आपण सहज म्हणून जातो. पण हे दृश्य साखर घातलेल्या प्याल्यात इतक्या लवकर दिसले नसते. हेमिंग्वेने ते कल्पनेने लिहिलेले नाही.

असो. इथपर्यंत मला जे कळले ते कुणालाही कळले असते. पुढचे घरातून कळले.

माझे आजोळ सांगलीकडचे. थोरल्या मामाला आम्ही दादामामा म्हणत असू. तो शाळेत गणित शिकवायचा. मामी पहिल्या बाळंतपणात गेली, बाळही गेले, आणि घरात त्या दोघांचा उल्लेख पुन्हा झाला नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही मुले जायचो तेव्हा मामा संध्याकाळी पडवीत आरामखुर्चीवर बसलेला असायचा, हातात स्टीलचा उभा पेला. त्यात लिंबाचे सरबत असते, असे आम्हाला सांगितलेले होते. ते खरेही होते. फक्त पूर्ण खरे नव्हते. तो कधी बरळला नाही, कुणावर हात उगारला नाही, आम्हाला पाढे विचारायचा आणि त्याची उत्तरे कधी चुकली नाहीत. १९९१ साली यकृताच्या विकाराने तो गेला तेव्हा पन्नाशीचाही नव्हता. त्यानंतर आमच्या घरी आईने कोकम केले, पन्हे केले, वाळ्याचे सरबत केले. लिंबाचे केले नाही. कारण कुणी विचारले नाही, कारण कारण सर्वांना ठाऊक होते.

आई आता ८१ वर्षांची आहे आणि माझ्याकडे असते. त्या दिवशी लिंबाच्या वासाने ती स्वयंपाकघरात आली. ओट्यावरची बाटली तिने पाहिली, पिळलेल्या साली पाहिल्या, आणि "काय गं करतेस हे?" असे विचारले. मी तिला सर्व सांगितले. हवाना सांगितले, चित्रकार सांगितला, त्याचे तीन मुलगे सांगितले. तिने खुर्ची ओढून घेतली आणि शांतपणे ऐकले. बिनसाखरेच्या प्याल्यापाशी मी आले तेव्हा ती म्हणाली, "दादाही साखर घालू देत नसे. मीठ घाल म्हणायचा, साखर नको. आम्हाला वाटायचं, याला गोडाचा त्रास असेल."

हडसन साखर का टाळतो याचे कारण कादंबरीत जाता जाता, एका वाक्यात आलेले आहे. इतके प्याले साखरेसह घेतले तर माणसाला मळमळेल, एवढेच ते कारण. हे मी आईला सांगितले. तिने बराच वेळ काही म्हटले नाही. मग म्हणाली, "म्हणजे किती घ्यायचे ते त्याला आधीच ठाऊक असायचं."

हे वाक्य ऐकेपर्यंत बिनसाखरेचा आग्रह मला हडसनच्या कणखरपणाची खूण वाटत असे. गोडवा नाकारणारा, कोरडे आणि कडक पसंत करणारा पुरुष, ही हेमिंग्वेच्या नायकाची आपल्या परिचयाची प्रतिमा आहे. समीक्षेनेही ती पुष्कळ जोपासली आहे. आईने तिच्याकडे गणित म्हणून पाहिले. साखर ही चवीची बाब असतेच, पण ती मर्यादाही असते. साखर घातलेला प्याला एक घ्यावा, फार तर दोन. त्यापुढे शरीरच नको म्हणते. जो पहिल्याच प्याल्याला साखर नको म्हणतो त्याने दहाव्या प्याल्याची तजवीज करून ठेवलेली असते. बिनसाखरेचा प्याला हा आवडीचा नव्हे, संख्येचा निर्णय आहे, आणि तो पहिला घोट घेण्यापूर्वी झालेला असतो. हडसन फ्लोरिदिताच्या दारातून आत येतो तेव्हा त्याचे दुःख त्याच्या चेहऱ्यावर दिसत नाही, बोलण्यात दिसत नाही. ते त्याच्या मागणीत दिसते. तिथे ते सर्वांसमक्ष आहे आणि कुणाला वाचता येत नाही.

हेमिंग्वेचा हिमनगाचा सिद्धान्त आपण सर्वच शिक्षक फळ्यावर काढून दाखवतो. १९३२ सालच्या 'डेथ इन द आफ्टरनून'मध्ये त्याने तो मांडला: हिमनगाचा आठवा हिस्सा पाण्यावर असतो, उरलेला खाली, आणि त्याच्या चालण्यातला भारदस्तपणा त्यामुळे येतो. विद्यार्थी हे पाठ करतात, आणि मग पाण्याखालचा भाग शोधायला निघतात तेव्हा प्रतीके शोधतात. या प्रकरणात तरी बुडालेला भाग प्रतीकात नाही. तो एका वगळलेल्या जिनसेत आहे. पात्र काय मागते याकडे आपले लक्ष जाते. काय काढून टाकायला सांगते, याकडेही जायला हवे. आणि ते का काढले हे समजण्यासाठी ती जिन्नस तिथे काय काम करत होती हे माहीत असावे लागते. दायकिरीतल्या साखरेचे काम ज्याला ठाऊक नाही त्याला हडसनची मागणी म्हणजे पात्राची लकब वाटेल.

गडकऱ्यांच्या नाटकाचे शीर्षकही मला त्यानंतर निराळे ऐकू येऊ लागले. तिथे 'एकच' हा शब्द फसवा आहे. एकच म्हणत म्हणत अनेक येतात, आणि शोकांतिका त्या फसवणुकीतून घडते. सुधाकराला आपण कुठे चाललो आहोत हे पहिल्या प्याल्याला ठाऊक नसते. हडसनला ठाऊक असते. दादामामालाही असावे, त्याचे गणित चांगले होते. या दोन प्रकारच्या विनाशांत कोणता अधिक करुण, याची तुलना करण्यात अर्थ नाही. पण आपल्या समाजाने पहिल्याची कथा शंभर वर्षे सांगितली आहे आणि दुसरा त्याच्या शेजारी, पडवीत, पेला हातात घेऊन बसलेला असताना त्याला सरबत पिणारा म्हणून सोडून दिले आहे. बरळणाऱ्याला निदान कुणी तरी अडवते.

गोठवलेल्या पेयाचा एक गुण असा की ते फार वेळ लपवून ठेवू शकत नाही. मेच्या दुपारी पंधरा-वीस मिनिटांत भुगा वितळतो, जिभेवरची बधिरता ओसरते, आणि तळाशी उरलेल्या दोन घोटांत साखर एकदम पुढे येते, तिच्यामागून रमचा वास. शेवटचा घोट पहिल्या घोटापेक्षा खरा असतो. हडसनच्या बाबतीत तो घोट फ्लोरिदितात येत नाही. त्याची पहिली बायको, थोरल्या मुलाची आई, त्याला भेटायला येते. मुलाबद्दल विचारता विचारता तिच्याच लक्षात येते आणि ती सरळ विचारते. त्याला हो म्हणावे लागते. प्याल्यांनी जे झाकले होते ते तिला न पिताच दिसले.

त्या उन्हाळ्यात मी दायकिरी आणखी दोनदा केली, साखरेसह, आणि एकेकच. दोन्ही वेळा आईने तिच्यासाठी रम न घालता करायला सांगितले. इथे पाककृतीच्या दृष्टीने एक अडचण येते. मद्यार्कामुळे मिश्रण कमी तापमानालाही मऊ राहते. तो काढला की बर्फ कडक होतो, रस निथळून खाली जातो आणि गाडीवरच्या गोळ्यातला रंग ओढून घेतल्यावर पांढरा बर्फ उरतो तसा भुगा उरतो. उपाय एकच, पाक वाढवायचा. ३०च्या जागी ४५ मिलिलिटर घातला, चिमूटभर मीठ घातले आणि बर्फ थोडा कमी केला, तेव्हा ते पुन्हा सायीसारखे झाले. आईने काचेच्या पेल्यात घेतले, चमच्याने खाल्ले. तीसहून अधिक वर्षांनी या घरात कुणी लिंबाचे सरबत घेत होते. मी विचारले, "जमलंय का?"

"साखर बरोबर आहे," ती म्हणाली, आणि पेला खाली ठेवला नाही.